अण्णांनी पकडलेला हेर

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — कारण तुम्ही माझ्या मुलीला ओळखत नाही.

माझी मुक्ता सौदीतल्या थुवालच्या विद्यापीठात विमानाच्या पंखांवर संशोधन करते. कॉलर ताठ करून सांगतो, आमच्या अख्ख्या खानदानात अशी हुशार पोर झाली नाही! आणि विमानांचं वेड तिला लावलं कुणी? मीच. सौदीतच, अल खफजीच्या आमच्या घरात झोपताना तिला एकच गोष्ट हवी असायची — आजोबांची. चाचणीसाठी उडालेली नव्या बनावटीची विमानं समुद्रावर एकामागून एक गायब होतात, आणि तिचे इंजिनियर आजोबा कारखान्यातला हेर शोधून काढतात.

गोष्ट झकास सांगायचो मी. फक्त — ती अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तरुणपणी निघालेल्या एका इंग्रजी चित्रपटाची होती.

नाशिकला तो मी पुन्हा पुन्हा पाहिला होता, फुकट. फुकट कसा? अण्णा त्या टॉकीजवर डोअरकीपर होते. तिकिटं फाडायचे. इथे खफजीतल्या मराठी मंडळींत कुणाचे वडील हेडमास्तर, कुणाचे मामलेदार... मी काय सांगणार होतो?

मग अण्णा आमच्याकडे राहायला आले. दिवाळीच्या फराळाला चार घरं जमलेली. मुक्ता तेव्हा सात वर्षांची. तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "आजोबा, तुम्ही खरंच स्पाय पकडलात?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. तो पिक्चर त्यांना पाठ होता. गोष्ट कुठली ते लगेच कळलं असणार. आणि मी ती का सांगितली, तेही.

"हो बाळा, पकडला की," ते म्हणाले. परत जाईपर्यंत टॉकीजचा विषय त्यांनी काढला नाही. पुढच्या वर्षी ते वारले. माफी मागितली का मी? नाही.

गेल्या महिन्यात विद्यापीठात कुणीतरी तोच चित्रपट लावला. मुक्ताचा तावातावानं फोन — "बाबा, दे स्टोल इट! ही आपल्या आजोबांची स्टोरी आहे!" एवढी शहाणी पोर, पण आजोबांवर तिळभर शंका नाही.

सांगता आलं असतं. अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "गोऱ्यांनी काय कमी चोरलंय?" ती हसली. म्हणाली, मी इथे सगळ्यांना सांगितलंय, पिक्चर खोटा, माझे आजोबा खरे.

छाती फुगली माझी. त्या इंजिनियर आजोबांच्या अभिमानानं — खरंच फुगली. तिकिटं फाडणाऱ्या अण्णांची मला त्या क्षणीही लाजच वाटत होती. आजही वाटते.