आत्याच्या टाकीतले फुकटे

आत्याने सगळी नोकरी गोदीत काढली. दुरुस्तीला आलेलं जहाज कोरडं उभं केलं की त्याच्या पोटाखाली शिरायचं आणि तळाला चिकटलेले शिंपले, शेवाळ, गंज सगळं पटाशीने खरवडून काढायचं. खालचं लोखंड दिसेपर्यंत. मुकादम तिला ‘रंधा’ म्हणायचा. तिचा हात फिरलेल्या पत्र्यावर दुसऱ्या कुणाला पुन्हा हात मारावा लागत नसे. त्या नावाचा तिला राग नव्हता. अर्धवट काम करणाऱ्यांचा होता.

निवृत्त झाल्यावर ती भाच्याकडे राहायला आली आणि आपल्या खोलीत तिने खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली.

भाचा हसला. “आत्या, जन्मभर जे खरवडलंस तेच आता पाळणार?”

“तेव्हा पगारासाठी करत होते. आता माझी मर्जी.”

टाकीत दोन नारिंगी मासे होते आणि मधोमध एक मोठा, भोकाभोकांचा दगड. शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याने फेकायला काढलेला प्रवाळाचा नखाएवढा तुकडा तिने त्या दगडावर चिकटवला होता. त्याचं आता मुठीएवढं हिरवं झुडूप झालं होतं, दगडाशी एकजीव. सकाळी दिवा लावला की त्याची इवली इवली बोटं उलगडायची. आत्याचा चहा तेवढ्यात गार व्हायचा आणि ती तो तसाच प्यायची.

एक दिवस दगडाच्या कडेला एक तपकिरी फूल दिसलं. बारीक देठ, वर केसाळ झुबका, काचेसारखं आरपार.

“किती गोड!” भाचेसून म्हणाली.

ते फूल नव्हतं. अ‍ॅनिमोन होता, जिवंत प्राणी, आणि डंख मारणारा. कुठल्या तरी वस्तूला चिकटून टाकीत आलेला. थोड्याच दिवसांत एकाचे पाच झाले आणि त्यांच्या शेजारची प्रवाळाची फांदी मिटली ती उघडेचना. आत्याने त्यांचं बारसं केलं: फुकटे. राहायचं दुसऱ्याच्या घरात आणि चिमटे काढायचे घरच्यांनाच.

मग तिने तिला येत होतं ते केलं. पटाशी घासून लख्ख केली, बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि दगड खरवडला. मन लावून, कानाकोपऱ्यातून. दगड कोरा दिसल्यावर हात पुसत म्हणाली, “संपला विषय.”

विषय सुरू झाला होता. फुकट्याचा टिचभर तुकडा जरी दगडाला चिकटून राहिला, तरी त्यातून आख्खा नवा फुकटा उभा राहतो. जे तुकडे पाण्यात उडाले, ते पडतील तिथे रुजले. पंधरवड्यात दगडावर रानच माजलं. आत्याने पुन्हा पटाशी घेतली, ह्या खेपेला दुप्पट जोराने. फुकटेही दुप्पट झाले.

शेवटी भाच्याने मासेवाल्याला बोलावलं. त्याने काचेला नाक लावलं.

“हे खरवडलं कुणी?”

“मी.”

“खरवडलं कुठलं, पेरणी केलीत! दगड टाकून द्या, आजी. नवा लावू.”

“आजी तुझ्या घरी. आणि दगडावरच्या प्रवाळाचं काय?”

“ते गेलं समजा. अर्धं मिटलंच आहे.”

“दुसरा इलाज नाही?”

“आहे एक. खाण्याचा चुना घट्ट कालवायचा आणि इंजेक्शनच्या सुईने एकेकाच्या तोंडात घालायचा. पण जरासा धक्का लागला की हे भोकात दडी मारतात. त्याला हात हलका लागतो.” त्याने तिच्या जाड, वाकड्या बोटांकडे पाहिलं आणि त्याला हसू आवरलं नाही. “तुमचा हात गोदीतला.”

भाचा दाराला टेकून ऐकत होता. “आत्या, ऐक त्यांचं. महिनाअखेरीला येऊन दगड घेऊन जातील. ही दगदग तुझ्या वयाला झेपणारी आहे का?”

“माझ्या वयाचं मी बघते.” ती मासेवाल्याकडे वळली. “महिनाअखेरीला ये तू. पण हात हलवत परत जायच्या तयारीनेच ये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टाकीची मोटर बंद केली, म्हणजे पाणी स्थिर राहतं आणि चुना पसरत नाही. डोळ्यांवर गोदीतला चष्मा चढवला. सुईचं टोक फुकट्याजवळ नेलं आणि अंगठा दाबला. पिचकारीच उडाली. पाणी दुधासारखं झालं, फुकटा केव्हाच भोकात गेला होता आणि चुना बसला थेट प्रवाळावर. तो पाण्याच्या झोताने उडवता उडवता तिची पाठ भरून आली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

भाचेसून बाजूला उभी होती. “आत्या, जोर लावताय तुम्ही.”

“बिनजोराचं काम असतं होय कुठे?”

“सुईत दोरा ओवताना लावता का जोर?”

आत्याने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं.

मग तिने टाकीच्या कडेवर ओला टॉवेल घडी करून ठेवला आणि त्यावर कोपर टेकवलं. खांद्याची ताकद कोपराशीच अडली, बोटं तेवढी मोकळी राहिली. नुसत्या पाण्याने भरलेली सुई घेऊन ती वाटीत थेंब थेंब सोडत बसली, एक थेंब दुसऱ्याला चिकटणार नाही असा. ते जमल्यावरच पुन्हा टाकीत हात घातला.

आणखी एक गोष्ट तिने हेरली. माशांना दाणे टाकले की फुकटे दडी विसरायचे, सगळे हात पसरून तोंड वासायचे. म्हणून आधी कोळंबीचा कण द्यायचा. तो गिळायला फुकट्याने तोंड उघडलं की मागोमाग चुना, अगदी सावकाश, त्याला कळणारही नाही असा. चिकटलेल्याला जेवू घालायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती. फुकटा आखडला, पांढरा पडला आणि विरघळून गेला. मागे तुकडा उरला नाही.

एकदा मात्र तिला हाव सुटली. एका बैठकीत तिने पूर्ण रांग उडवली. पाणी चुन्याने बिघडलं, मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. बादल्यांनी पाणी बदलता बदलता तिने स्वतःला अशा शिव्या घातल्या की भाचेसुनेने दार लोटून घेतलं. तेव्हापासून रोज मोजकेच. समोर फुकटे दिसत असताना सुई खाली ठेवायची हेच तिला सगळ्यात जड गेलं. पाळी संपताना काम अपुरं ठेवून ती कधी घरी गेलेली नव्हती.

“आत्या, हे संपणार आहे का कधी?” भाच्याने विचारलं.

“जहाजं संपली होती का?”

महिनाअखेरीला मासेवाला बादली घेऊन हजर झाला. भाच्याने दगड उचलायला बाह्या सरसावल्या. मासेवाला टाकीपुढे वाकला, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, मग गुडघे टेकून बसला. प्रवाळाची एक फांदी मेली होती, पांढरी फटक. बाकीच्या उघडल्या होत्या. ज्या मिटून बसल्या होत्या त्यासुद्धा.

“खालच्या भोकात एक आहे,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे. तिथे सुई पोचत नाही.”

“एक राहिला म्हणजे सगळे परत येणार. मी सांगून ठेवतो, आजी.”

“येऊ देत की. मी कुठे चाललेय?”

“अगं पण किती दिवस करत बसणार?” भाचा वैतागला.

“मला जमेनासं झालं तर मी सांगेन. तू नाही सांगायचं, ह्यानेही नाही. दगड इथेच राहणार.”

मासेवाल्याने रिकामी बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. जावं की थांबावं त्याला कळेना. आत्याने मोटर बंद केली, चष्मा चढवला, कोपर टॉवेलवर टेकवलं. वरच्या कडेला कालपासून एक नवा फुकटा डोकं काढत होता.

“उभेच राहणार असाल तर उजेड सोडून उभे राहा,” ती म्हणाली, आणि कोळंबीचा कण पाण्यात सोडला.