घुमटातला न दिसणारा

आमच्याकडे एक आभाळ आहे. ते गुंडाळून पिशवीत भरता येतं आणि गाडीच्या डिकीत मावतं. शाळेच्या हॉलमध्ये अंथरून पंखा लावला की ते घुमटासारखं फुगतं. आत गाव बसतं, मधोमध प्रोजेक्टर लागतो आणि भर दुपारी डोक्यावर चांदण्या येतात. आभाळ सरांचं. पंखा माझ्याकडे.

सर म्हणजे फिजिक्सचे निवृत्त प्राध्यापक, घर वर्ध्याजवळ पिपरी मेघेत. मी चंदगडची, म्हणजे नकाशा उघडला तर इथून पार खालच्या कोपऱ्यातली. सातवीनंतर माझी शाळा सुटली. कोणाच्या तरी ओळखीनं सरांच्या आईची देखभाल करायला इथं आले. आजी गेल्या, तेरावा झाला आणि मी मुकाट्यानं पिशवी भरली. सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी ती पाहिली. म्हणाल्या, "कुठं निघालीस? सरांचा पंखा कोण सांभाळणार?"

त्या एका वाक्यावर मी राहिले. पण भित्र्या माणसाला उपकार पचत नाही. रोज सकाळी चहा गाळताना वाटतं, आज या लोकांच्या लक्षात येणार की पंख्याचं बटण कुणालाही दाबता येतं.

त्यात यंदा बोलावणी कमी आली. एकदा जेवताना सर म्हणाले, "आर्वीकडचं ते केंद्र मिळालं तर बरं. नाहीतर घुमट विकून टाकू." केंद्र म्हणजे आजूबाजूच्या दहाबारा शाळा, आणि त्यांच्यावर एक केंद्रप्रमुख. त्यांनी हो म्हटलं की सगळ्या शाळांत आमचं आभाळ लागणार. काकू शांतपणे वरण वाढत होत्या. घुमट गेला, तर मी कशाला?

तर त्या केंद्रातल्या एका गावी आम्ही गेलो. सकाळी घुमटात मुलांसाठी खेळ झाले. मुलांनी प्रश्न विचारून विचारून सरांचा आवाजच संपवला. आधीच सर्दी. दुपारी गावकऱ्यांचा खेळ होता आणि तो बघायला खुद्द केंद्रप्रमुख आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, अंगाला अत्तर, चेहरा परीक्षेच्या हॉलमधला. सरांनी बोलायला तोंड उघडलं तर आतून नुसती हवा आली. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मी काय बोलू?" मी म्हणाले.

"रोज ऐकतेस तेच," असं सर म्हणाले असावेत. ओठांवरून तसं वाटलं. आणि ते घुमटात एका कडेला, पंख्याच्या तोंडाशी जाऊन बसले.

आता, मला सगळं पाठ होतं हे खरं. पण आरती पाठ असते तसं. टाळी कुठं वाजवायची ते माहीत, अर्थ देव जाणे. अंधार केला, चांदण्या लावल्या आणि डोळे मिटून सुरू झाले, "विद्यार्थी मित्रांनो, मी कॉलेजात शिकवत असताना..."

"कोन्या कालेजात शिकवे वं तू?" पुढून आवाज आला. ही एक म्हातारी होती. तिच्या घरची भाजीची वाडी, वांगी आणि सांभार, म्हणजे इथली कोथिंबीर, ती आर्वीच्या बाजारात नेऊन विकायची. आत शिरतानाच तिनं घुमटाचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं होतं, लुगडं घेताना पाहावं तसं.

"मी नाही, सर शिकवायचे," मी म्हणाले.

"मंग तुह्यं तू सांग ना."

माझं मी काय सांगणार? तरी पुढं रेटलं. डोक्यावर आकाशगंगा फिरायला लागली. मी सांगितलं, की तारे एका केंद्राभोवती फिरतात. आपल्या ग्रहमालेत सूर्यापासून जितकं लांब तितकं फिरणं सावकाश. तसंच कडेच्या ताऱ्यांनीही हळू फिरायला हवं. पण ते आतल्यांइतकेच जोरात फिरतात. एवढ्या जोरात फिरल्यावर त्यांनी फेकलं जायला पाहिजे. दिसणाऱ्या सगळ्या ताऱ्यांचं, वायूचं, धुळीचं वजन धरलं तरी एवढी ओढ भरत नाही. म्हणजे न दिसणारं काहीतरी त्यांना धरून ठेवतंय. त्याला डार्क मॅटर म्हणतात. ते दिसणाऱ्या पदार्थाच्या पाचपट तरी आहे.

मग एक माणूस म्हणाला, "दिसत नाई तर हाय कायच्यावरून?"

या प्रश्नाला सर गोफणीचं उदाहरण देतात. मी तेच दिलं. "गोफण फिरवताना दोरी अंधारात दिसली नाही, तरी गोटा गरगर फिरतोय म्हणजे दोरी आहेच."

"बराबर हाय," म्हातारी म्हणाली. "दोर नसन त गोटा शेजाऱ्याच्या वावरात."

लोक हसले. मला जरा धीर आला. मागं केंद्रप्रमुखांच्या अत्तराचा वास येत होता, म्हणजे ते बसून ऐकत होते. आणि नेमका तेव्हाच घुमट खाली यायला लागला.

आमच्या घुमटाची गोष्ट अशी, की त्याला एकच दार आहे आणि त्याला चेन आहे. चेन बंद असेल तर हवा टिकते. कुणी उघडून बाहेर गेलं आणि ती तशीच राहिली, की आभाळ बसायला लागतं. आणि वर्धा जिल्ह्यात माणूस चांगल्या वळणाचा असेल, तर तो बाहेर जातोच. त्याचं कारण खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घासून केलेला हा खर्रा गालात धरला, की थोड्या वेळानं थुंकावं लागतं. आभाळात थुंकणं बरं नव्हे, एवढं कुणालाही कळतं. म्हणून बिचारा अंधारात चाचपडत दाराशी जातो, चेन उघडतो, बाहेर जाऊन मोकळा होतो आणि परत येऊन बसतो. चेन लावायची असते हे त्याला कोण सांगणार?

"ताई," मागून एकजण म्हणाला, "आभाळ डोक्याले लागून राह्यलं."

खरंच सप्तर्षी एका फेट्यावर टेकले होते. आकाशगंगेला घडी पडली होती. सरांनी चेन लावली असावी, कारण घुमट परत ताठला. मी घसा खाकरून पुढं बोलले. थोड्या वेळानं परत तेच.

"कोणी बाहेर गेलं का?" मी विचारलं.

"नाई," सगळे एकदम म्हणाले.

"आत्ता कोणी चेन उघडली का?"

"नाई बा."

आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी इतके दिवस काय पाठ करत होते. कोणी दिसत नाही. कोणी कबूल करत नाही. पण आभाळ खाली येतंय, म्हणजे कोणीतरी आहे. मी तसंच बोलून गेले, "हेच ते. डार्क मॅटर हे असंच आहे. चेन उघडणारा दिसत नाही, पण त्याच्यामुळं काय होतंय ते दिसतंय."

सगळ्या घुमटातून एक मोठं "हांऽऽ" निघालं. सर पंख्याशी उठून बसलेले मला अंधारातही जाणवले.

पण गावाला एवढ्यावर समाधान कुठलं?

"कुत्रं असन," कोणीतरी म्हणालं.

"कुत्र्याले चेन उघडता येते काय?"

"वारा असन."

"वारा वापस येऊन बसते काय बावा? मले पायानं तुडवून गेला तो आता."

मी घाईनं म्हणाले, "शास्त्रज्ञांनीही असंच केलं. विझलेले तारे असतील का, पाहिलं. नाहीत. काळोखात फिरणारे ग्रह असतील का, पाहिलं. तेही पुरत नाहीत. ते नक्की काय आहे, अजून कोणाला सापडलेलं नाही." इथं सरांचं भाषण संपतं आणि सूर्योदयाचं बटण दाबायचं असतं.

"थांब वं," म्हातारी म्हणाली. "त्याईले नसन सापडलं. अठी सापडते. खर्रेवाला होय तो, त्याच्या तोंडात आताही हाय. गडीमानसाईनं एकेकानं आपल्या बायकोचं नाव घ्या. ज्याचं तोंड उघडत नाई, तो."

आता माझी खरी गाळण उडाली. कारण तुडवून जाणाऱ्याच्या मागोमाग माझ्यापर्यंत अत्तराचा वास आला होता. एवढ्या गर्दीत अत्तर एकाच अंगाला होतं.

"आजी, राहू दे," मी म्हणाले. "काही गोष्टी न सापडलेल्याच बऱ्या."

"काऊन? तू त्याच्याकडची होय काय?"

नावं घेणं सुरू झालं. अंधारात माणसं लाजत लाजत बायकोचं नाव घेत होती आणि बायका खुसुखुसु हसत होत्या. एकजण चुकून वहिनीचं नाव घेऊन बसला, त्यावर वेगळाच गदारोळ. नावं दाराच्या कोपऱ्याकडे सरकत होती. माझा अंगठा सूर्योदयाच्या बटणावर होता आणि दाबायचं धैर्य नव्हतं. दाबलं तर उजेडात दिसणार, नाही दाबलं तर अंधारात कळणार. मी मनातल्या मनात चंदगडच्या एसटीत बसले होते.

कोपऱ्यात आली तेव्हा नावं थांबली.

"पुढं," मी म्हणाले. "ते पाहुणे आहेत."

"पाव्हन्याले बायको नाई काय?" म्हातारी म्हणाली.

तिकडून फक्त "म्म्" असा आवाज आला. मग गिळल्याचा एक मोठा आवाज. आणि मग केंद्रप्रमुखांनी स्पष्ट, शुद्ध भाषेत, आडनावासकट आपल्या पत्नीचं नाव घेतलं. लगोलग त्यांना उचकी लागली. गिळलेला खर्रा कोणालाच सोडत नाही. उचकीमागून उचकी येत राहिली. घुमटात कोणी हसलं नाही, एवढी माणुसकी गावानं पाळली. म्हातारीनंही नाही. ती फक्त एवढंच म्हणाली, "पानी द्या वं कोनी त्याईले."

मी सूर्योदयाचं बटण दाबलं.

बाहेर येऊन केंद्रप्रमुख तांब्याभर पाणी प्यायले. डोळे लाल झाले होते. ते सरांकडे आले तेव्हा मी पंख्याच्या वायरीचं भेंडोळं छातीशी धरून उभी होते. सरांना बोलता येत नव्हतं, म्हणून ते मान हलवत राहिले, म्हणजे प्रत्येक गोष्टीला हो.

"वीस वर्षं विज्ञान शिकवलं मी," केंद्रप्रमुख म्हणाले. मध्ये उचकी. "पण ही भानगड आज मले समजली." परत उचकी. "लावा सगळ्या शाळांमध्ये. तारखा मी कळवतो." जाता जाता माझ्याकडे वळले. "ताई, बोलायचं तुमीच. फक्त ते नावं घ्यायचं पोराईसमोर नको."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, गाडीत बसेपर्यंत. मग नवी काळजी लागली. 'बोलायचं तुमीच' हे सरांनी ऐकलं होतं. ज्या माणसानं मला ठेवून घेतलं, त्याच्याच आभाळातून मी त्याला बाहेर काढलं की काय? पिपरी मेघेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. घरी गेल्यावर काकूंनी सगळं ऐकलं, पोट धरून हसल्या आणि मला चहा करून दिला. मी तो उभ्यानंच प्यायले.

दोन दिवसांनी सरांचा आवाज आला. सकाळी मी केर काढत होते. ते खुर्चीतून म्हणाले, "तुझं एक चुकलं. चेन उघडणारा हाताला लागतो, त्याला वास असतो, तो लोकांना तुडवतो. डार्क मॅटर आपल्या आरपार जातं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. एवढं दुरुस्त कर. बाकी पंखा आता मी बघेन."

तेव्हापासून मी बोलते आणि सर दाराशी बसतात. पंख्याचं त्यांना फारसं जमत नाही. एकदा वायर उलटी गुंडाळली, एकदा चेनमध्ये स्वतःचाच सदरा अडकवून घेतला. प्रत्येक खेळानंतर ते माझी एक चूक काढतात आणि मी ती दुरुस्त करते. चुका संपल्या तर काय, याची मला अलीकडे थोडी धास्ती वाटते, पण तूर्त त्या पुष्कळ आहेत.