ट्यूटर बाई आणि कांताचा नंबर

कोणाचाही हात हातात आला की ट्यूटर बाईंची बोटं आपसूक त्याच्या मनगटावर जात आणि नजर छातीवर उलट्या टाचलेल्या घड्याळावर. एका लग्नात नवरीला अहेर देता देता त्यांनी तिची नाडी पाहिली आणि भर मांडवात तिच्या आईला सुनावलं, "पोरगी सकाळपासून उपाशी आहे. मंगलाष्टकं मंग म्हणा, आधी तिले काही खाऊ घाला." भटजी अंतरपाट हातात घेऊन ताटकळत राहिले. नवरीनं दोन पेढे खाल्ले तेव्हा कुठे अक्षता पडल्या. असं जिथे तिथे चालायचं. भाजीवाली, रिक्षावाला, देवळातला पुजारी, कोणी सुटत नसे.

त्यांचं पद 'सिस्टर ट्यूटर'. आमच्या नर्सिंग शाळेत आम्ही नुसतं 'बाई' म्हणायचो आणि पाठीमागे 'ट्यूटर बाई'. माहेर अमरावतीकडचं, नवरा रेल्वेत होता तो लौकर गेला, मूलबाळ नाही. रायपूरच्या तात्यापाऱ्यात दोन खोल्या होत्या, पण त्या झोपण्यापुरत्या. बाकी जन्म वॉर्डात. त्यांचा एकच नियम होता आणि तो आम्हाला शाप वाटे. शेवटचा बेड झाल्याशिवाय कोणी ड्यूटीवरून जायचं नाही. माझे सहा बेड झाले म्हणून मी निघाले की दारातच आवाज यायचा, "कुठं चालली? तिकडं ते पोट्टी एकटी मरून राहिली ते दिसत नाही का तुले? बॅच म्हणजे एक जीव, समजलं?" मग मुकाट्यानं दुसरीच्या बेडची चादर ओढायची. आम्हाला त्याचा राग यायचा. पण त्या तीन-साडेतीन वर्षांत आमच्यातली एकही मुलगी एकटी रडली नाही, हेही खरं.

आमची परीक्षा झाली आणि थोड्याच दिवसांत मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं झालं. रायपूर राजधानी झालं. फटाके फुटले, जयस्तंभापाशी लाडू वाटले गेले. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की राजधानीला कचेऱ्या लागतात. जिथे रिकामी खोली दिसेल तिथे एकेक खातं घुसलं. शहरातलं जुनं हॉस्पिटलच रिकामं करून तिथे मंत्रालय बसवलं. बाईंची उमर त्या हॉस्पिटलात गेली होती. पुढे कामासाठी तिथे गेल्या की त्या पाट्या वाचत नसत, जुन्याच ओळखीनं चालत. एका मोठ्या साहेबाच्या दालनात शिरल्या आणि साहेबाला म्हणाल्या, "ही लेबर रूम होती. तुमचं टेबल आहे ना, तिथंच. अडलेली बाई बी इथं मोकळी होत होती, साहेब. आता कागद अडून राहिला." साहेबाला मराठी कळत नव्हतं. तो "जी, जी, बैठिए" म्हणाला.

कागद अडला होता तो आमचाच. नर्सिंग पास झालं म्हणजे नर्स झालं असं नसतं. नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवावं लागतं, तिथून नंबर येतो, आणि तो नंबर असेल तरच सरकारी भरतीचा अर्ज घेतात. नंबर नसलेली नर्स म्हणजे पांढऱ्या कपड्यांतली आया. आमची जुनी कौन्सिल भोपाळला राहिली. नवी रायपूरला झाली खरी, पण झाली म्हणजे एक खोली, एक कपाट आणि एक बाबू. शिक्का यायचा होता, रजिस्ट्रार यायचे होते. भोपाळवाले म्हणत, तुम्ही आता आमच्या नाही. रायपूरवाले म्हणत, तुमचे रेकॉर्ड आमच्याकडे नाहीत.

बाईंचं म्हणणं साधं होतं. निकाल लागेल त्या दिवशी शाळेनंच यादी पाठवावी, कौन्सिलनं लगेच कच्चा नंबर द्यावा, तपासणी मागाहून करावी, तोवर पोरींना कामाला लागू द्यावं. हे त्यांनी बाबूला सांगितलं, साहेबांना सांगितलं, एका उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यालाही गाठून सांगितलं. मंत्री म्हणाले, "बहुत बढ़िया सुझाव है, माताजी." बाईंनी त्यांचाही हात धरून नाडी पाहिली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "नाडी एकदम शांत. या माणसाले कशाचीच चिंता नाही, हा काही करत नाही."

मग त्यांनी आपल्या पद्धतीनं काम करायचं ठरवलं, आणि तिथेच घात झाला. कोणत्याही पोरीनं एकटीनं खेटे घालायचे नाहीत, कोणापुढे हात पसरायचे नाहीत. सगळ्या बॅचचे अर्ज एका कापडी बस्त्यात, वर शाळेचं एक पत्र. अर्ज एकदम द्यायचे, नंबर एकदम घ्यायचे. दुसऱ्या कोणी हे केलं नसतं. प्रत्येकीनं आपापली ओळख काढली असती. पण बाईंना वॉर्डातला नियमच ठाऊक. बाबूनं बस्त्याला एकच आवक नंबर घातला. एक बस्ता, एक फाइल. बाई खूश होऊन परतल्या आणि आम्हाला वडापाव खाऊ घातले.

आक्षेप आला तो एकट्या कांतावर, पण परत आली ती अख्खी फाइल. कांता रायपूरच्याच गुढियारी वस्तीतली. बाप मालधक्क्यावर हमाल. घरची मंडळी मूळ भंडाऱ्याकडची, पण तिला मराठी समजायचं तेवढं, बोलायची हिंदीत. ऐन परीक्षेत तिला कावीळ झाली आणि एक पेपर राहिला. तो तिनं सहा महिन्यांनी दिला, तोवर राज्य बदललं होतं. म्हणजे तिच्या एका गुणपत्रिकेवर मध्य प्रदेश, दुसरीवर छत्तीसगड. अशी पोरगी कुठल्या राज्याची, याचं उत्तर कोणत्याच नियमात नव्हतं.

बाबू वाईट माणूस नव्हता. त्यानंच वाट सुचवली, "मैडम, इस एक लड़की का आवेदन निकाल दीजिए. बाकी सब हफ्ते भर में हो जाएंगे." बाईंनी त्याचं मनगट धरलं, घड्याळ पाहिलं. "भैया, तुमची नाडी तर घोड्यावानी पळून राहिली. मंग फाइल काहून चालत नाही?" तो हसला. पण बाई हसत नव्हत्या. म्हणाल्या, "शेवटचा बेड राहिला आहे. आम्ही कोणी जात नाही."

इतक्यात सरकारी भरतीची जाहिरात आली. नव्या राज्यातली पहिली भरती. आमच्या घरांमध्ये एकच वाक्य ऐकू येऊ लागलं, शेवटची तारीख. एका दुपारी आयाबापांचा घोळकाच बाईंच्या घरी गेला. त्यात माझे बाबाही होते, एरवी बाईंसमोर मान वर न करणारे. ते म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण एका पोरीपायी सगळ्यांचं मातेरं करून राहिल्या तुम्ही." बाईंनी सगळ्यांना पाणी दिलं. मग म्हणाल्या, "तुमची पोरगी मागं राहिली असती, तर तुम्हाला काय वाटलं असतं भाऊ?" बाबा म्हणाले, "पण राहिली नाही ना." बाईंनी रिकामे पेले उचलले.

तिढा सोडवला तो कांतानं. कोणाला न विचारता ती कौन्सिलच्या खोलीत गेली, सही केली आणि आपले कागद काढून घेतले. मग तशीच बाईंकडे येऊन उभी राहिली. मी तिथेच होते. बाई ओरडतील असं वाटलं होतं. त्या खाली बसल्या. "काय करून बसली तू पोट्टे," एवढंच म्हणाल्या. कांता म्हणाली, "बाई, सबका हो जाने दो. मेरा बाद में हो जाएगा." आणि बाईंनी, ज्यांनी आयुष्यभर कोणाला एकटं मागे राहू दिलं नव्हतं, मान डोलावली. मला वाटतं, बाई त्या दिवशी म्हाताऱ्या झाल्या.

फाइल खरंच सुटली. पण सही करणारे साहेब तेव्हा दौऱ्यावर होते. नंबर आले तेव्हा भरतीची तारीख निघून गेली होती. कांतानं ज्यासाठी आपले कागद काढले ते आम्हालाही मिळालं नाही. कोणी खाजगीत लागली, कोणी लग्न करून नागपूरला गेली. मी एका खाजगी हॉस्पिटलात चिकटले. वर्षभरानं कांताला तिथेच लावून दिलं, आया म्हणून. बेडपॅन उचलायचं, फरशी पुसायची, रोग्याला कूस बदलून द्यायची. सुईला हात लावायचा नाही. मी ड्रिप लावत असले की ती ट्रे धरून बाजूला उभी राही आणि नजर दुसरीकडे ठेवी.

बाई निवृत्त झाल्या, पण कांताचा कागद त्यांनी सोडला नाही. बघता बघता एक झालं, त्यांची सूचना सरकारनं उचलली. म्हणजे तसं छापून आलं. कौन्सिलमध्ये 'एकल खिडकी' झाली, म्हणजे सगळं काम एकाच जागी, फीत कापली गेली, बाईंना सत्काराचा नारळ मिळाला. खिडकीच्या पलीकडे तोच बाबू बसला होता, फक्त आता त्याच्यापर्यंत वाकून बोलावं लागे. पुढे कचेऱ्या नव्या राजधानीत गेल्या, शहरापासून लांब, माळरानावर. बाई दुखरे गुडघे घेऊन बसनं जायच्या. मग सगळं कॉम्प्युटरवर आलं. एका सायबर कॅफेतला पोरगा त्यांना अर्ज भरून देत होता. राज्याच्या रकान्यात दोनच पर्याय होते, एक हे, एक ते. बाईंनी त्याला विचारलं, "दोन्ही नाही करता येत का बेटा?" तो म्हणाला, "नहीं दादी, एक ही लेता है." एक टाकलं की तिथून उत्तर येई, दुसरी गुणपत्रिका अमान्य. दुसरं टाकलं की पहिली अमान्य. नव्या पोरींचं काम मात्र खरंच सोपं झालं. बाई ते आनंदानं सांगत. "आता पोरींचं लौकर होते," म्हणत, आणि पुढचं वाक्य गिळत.

शेवटी किडन्यांनी दगा दिला आणि बाई आमच्याच हॉस्पिटलात भरती झाल्या. कांतानं त्यांचं सगळं केलं, पोटच्या मुलीनं करावं तसं, आणि तिला तेवढंच करायची परवानगी होती. एके दुपारी मी इंजेक्शन घेऊन गेले. बाई कधी शुद्धीत असत, कधी नसत. त्यांनी डोळे उघडले आणि कांताला विचारलं, "तुहा नंबर आला का बाई?"

कांतानं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "हव बाई. आ गया."

"कवा?"

"पिछले हफ्ते."

"मंग सांग पाहू."

आमच्याकडे प्रत्येक कागदावर सहीखाली नंबर लिहावा लागतो, आणि कांता इतकी वर्षं बाजूला उभी असायची. ती एकेक आकडा सावकाश म्हणत गेली. तो माझा नंबर होता. एकाही आकड्यात ती अडखळली नाही.

बाईंनी तो सगळा ऐकून घेतला. त्यांना खरं वाटलं की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. त्या माझ्याकडे बघून कांताला म्हणाल्या, "मंग इले कशाले त्रास? सुई तूच लाव."

नियमानं मी नाही म्हणायला हवं होतं. मी सिरिंज कांताच्या हातात दिली आणि दार लोटून घेतलं. तिनं बाईंचा दंड पुसून घेतला. बाई डोळे मिटून सांगत होत्या, "हळू. घाई नाही. हां, आता सोड औषध... शाबास." इंजेक्शन झाल्यावर कांता तशीच उभी राहिली, रिकामी सिरिंज धरून. ती घ्यायला मला तिची बोटं सोडवावी लागली.

बाई त्याच आठवड्यात गेल्या. तात्यापाऱ्यातले शेजारी आले, आमच्या बॅचमधल्या ज्या गावात होत्या त्या आल्या. बाईंना नेण्याआधी हॉस्पिटलच्या कागदावर ड्यूटीवरच्या नर्सची सही लागते. मी सही केली आणि खाली नंबर लिहिला. कांता बादली घेऊन शेजारी उभी होती, तिला खोली धुवायची होती. मी लिहीत होते तेव्हा ती ओठांतल्या ओठांत आकडे म्हणत होती. शेवटचा आकडा झाला. मग ती पदर खोचून खाली बसली आणि फरशी पुसायला लागली.