मागून आणलेल्या चिंध्या

कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा अमरावतीत माझं चिंध्यांचं दुकान होतं. हसू नका, चिंध्यांचंच. शिंप्यांकडची कातरण, जुनी लुगडी, फाटकी धोतरं, अस्तराचं जाडंभरडं कापड, असं सगळं घ्यायचं, धुवायचं, विकायचं, आणि सांगेल त्याला गोधडी शिवून द्यायची. बाजारात माझ्या तोंडाला सगळे भ्यायचे, पण टाका माझाच मागायचे.

सातासमुद्रापार कुठं तरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिकडचा कापूस अडला होता. तिकडं लढाई अन् इकडं आमच्या लोकांचं डोकं फिरलं. घरातल्या गाद्या उसवल्या, लेप उसवले, लेकरांच्या उशासुद्धा सोडल्या नाहीत. आतला कापूस काढून विकला, आणि थंडी पडली तशी तीच माणसं कुडकुडत माझ्या दारात! "बाई, चिंध्यांचीच शिवून द्या, कापूस नका घालू." मी म्हणायची, "इकताना नाही आठोली थंडी?" म्हणायची आणि शिवून द्यायची. आमच्या मालकांनीही बैलबंडी जुंपली आणि भाड्यानं कापूस वाहायला निघून गेले. आगगाडीचे रूळ अजून आमच्याकडे पोचले नव्हते, सगळा माल बंड्यांवर, अकोल्याच्या वाटेनं जायचा. घरात राहिलो मी आणि सासूबाई. लेकरू नव्हतं. दोन झाली, दोन्ही गेली.

अशात एक दिवस नांदगाव पेठेच्या वाटेवरच्या खेड्यातली एक शेतकरीण दुकानात आली. काखेत गाठोडं होतं, ते तिनं खाली ठेवलं नाही, तसंच धरून उभी राहिली. तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिली दोन लेकरं महिन्याच्या आत गेलेली. सासरच्यांनी सांगून ठेवलं होतं, या खेपेला लेकरू राहिलं तरच परत ये, नाही तर बापाच्याच घरी बस.

आमच्याकडे अशा बाईच्या बाळाला घरचं कापड लावत नाहीत, विकतचंही नाही. ज्या घरातली सगळी लेकरं जिवंत आहेत, अशा पाच घरी पदर पसरून चिंधी मागायची, आणि त्या चिंध्यांच्या गोधडीत बाळ घ्यायचं. हे कोणाचं नवसासायासाचं नाही, मागून आणलेलं आहे, असं दिसलं की त्याच्यावर कोणाची नजर जात नाही. शिवणारा हातही परका लागतो, आणि कळा सुरू होईपर्यंत एकही टाका घालायचा नसतो. ती माय दोरासुद्धा मागून, कनवटीला खोचून घेऊन आली होती.

माझ्या दुकानात छताला टेकेल एवढं कापड, पण त्या गोधडीत माझी एक चिंधी चालली नसती. विकतची म्हणून नाही, आणि माझ्या घरची म्हणून तर नाहीच. माझ्या दुसऱ्या खेपेला सासूबाई म्हणाल्या होत्या, बाई, मागून आण. मी ठणकावलं होतं, कापडाच्या ढिगावर बसणारी मी, लोकांच्या दारात चिंधी मागू? नाही गेले.

त्या मायपुढं मात्र मी दोन्ही हात केले. गाठोडं भुईला लावायचं नाही, दुकानातल्या मालात मिसळायचं नाही, म्हणून तिच्या देखत खुंटीला टांगलं. "कळा सुरू झाल्या की ये. हातातलं सोडून शिवून देईन," म्हटलं.

आणि बरोब्बर तिच्या लेकीला कळा लागल्या त्या दिवशी मी अस्तराचं कापड धुवायला गेले होते. ओलं ओझं डोक्यावर घेऊन परत आले, तर खुंटी रिकामी.

"आत्याबाई, इथलं गाठोडं?" मी सासूबाईंना विचारलं.

"ते होय? वखारीवाल्या शेटजीचा माणूस आल्ता. कापसाचे बोरे फाटले, ठिगळं पाह्यजेत म्हणे. देल्लं."

"देल्लं?"

"तूच तर चांगला माल खुंटीले टांगतं ना व! मले वाटलं त्याच्यासाठीच निवडून ठेवला."

खरंच होतं. गिऱ्हाइकाला कबूल केलेला चांगला माल मी तिथंच टांगायची. बोऱ्यांना ठिगळं लावायला व्यापाऱ्यांची माणसं रोज दुकानांतून फिरायची, जुनं घट्ट कापड दिसलं की उचलायची. डोक्यावरचं ओझं तिथंच पडलं, आणि तेवढ्यात दारात ती माय उभी. धावत आलेली, डोक्यावरचा पदर घसरलेला.

"कळा सुरू झाल्या. बंडी घेऊन आलो. चला, शिवा लवकर."

खोटं सांगावं असं क्षणभर मनात आलं. ढिगातल्या पाच चिंध्या उचलून द्यायच्या, कोणाला कळणार होतं? पण तिचे डोळे आधीच खुंटीकडं गेले होते.

"माय," मी म्हटलं, "गाठोडं चुकून वखारीत गेलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली. मी तिला दंडाला धरून उठवलं. "बसू नको. चाल माह्यासंगं." सासूबाई मागून रडत काहीतरी सांगत होत्या. मी सुई, दोरा आणि दुकानातलं सापडेल ते कापड ओटीत घातलं आणि निघाले.

वखारीच्या अंगणात बंड्या भरून उभ्या होत्या. बैल जुंपायचेच बाकी. बायका शेवटच्या बोऱ्यांची तोंडं शिवत होत्या. आमच्या चिंध्या आता कुठं ओळखायच्या, मला काही सुधरेना. पण त्या मायनं बोट केलं.

"तो पाहा, हिरवा काठ. कुंभारणीच्या लुगड्याचा. तो तिकडं मोमिनाच्या लेकराचा कुरता. अन् ती तेलिणीची चोळी."

मी बंडीच्या चाकावर पाय दिला आणि बोऱ्याच्या टाक्यात सुई घातली. तसा शेटजी आतून धावत आला.

"ए! हात लावशील तं याद राख! बोरा फुटला तं भरून कोण देईल, तुझा बाप?"

"माह्या बापाले मधी आणू नका, शेटजी. तुमच्या माणसानं चुकीचं गाठोडं नेलं. हे बाळंतिणीचं कापड हाये, मागून आणलेलं."

"चुकीचं कसं? दाम देऊन नेलं! बंड्या आत्ता सुटल्या पाहिजेत. आज भाव आहे, उद्याचं कोणी पाह्यलं? उतर खाली!"

दोन हमाल पुढं आले. शेटजी ओरडत अगदी जवळ आला, आणि तेव्हा मला त्याचं नाक दिसलं. डाव्या नाकपुडीवर जुनं, बुजत आलेलं भोक. पुरुषाच्या नाकाला भोक कशाचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आधीची लेकरं गेली की मागून झालेल्या मुलाचं नाक टोचतात, मुलगीच झाली असं दाखवतात.

"शेटजी, तुमचं नाक कोणी टोचलं?"

मुनीम ओरडला, "ए बाई, तोंड सांभाळ!"

"काय सांभाळू?" माझा तोल सुटला होता, आणि बरं झालं सुटला. "यांच्या मायनं पदर पसरला असंल, तवा तिले कोणी असं हाकललं असतं, तं आज हे बोरे भराले कोण राह्यलं असतं? सांगा ना! हिच्या लेकीचे दोन गेले. तिसऱ्यासाठी ही दारोदार फिरली. अन् तुमाले कापसाची पडली हाये!"

शेटजीचा हात नाकाकडं गेला. त्याला स्वतःलाही कळलं नसावं. मला वाटलं, आता हा मला धक्के मारून काढतो.

"माझ्या पहले चार गेले होते," तो म्हणाला. मग हमालांकडं वळून ओरडला, "पाहून काय राह्यले? उतरवा बोरे!"

कात्री लावता येत नव्हती. कापूस दाबून भरलेला, ठिगळ निघालं की भसकन बाहेर आला असता. मी सुईच्या टोकानं एक टाका उसवायची, तेवढ्यात ओटीतलं कापड आत सरकवायची, की लगेच वखारीतली एक बाई मागून टाका घालायची. असा सगळा खेळ. शेटजी स्वतः फाटक्या जागेवर तळहात दाबून उभा होता. माझ्या बोटांतून रक्त येत होतं, आणि त्या मायचं सारखं एकच चाललं होतं, "लवकर व बाई, लवकर."

चार निघाल्या. पाचवी, धनगरणीचं फडकं, कुठंच नव्हतं. एक बंडी सकाळीच अकोल्याच्या वाटेला लागली होती.

"घोडं पाठवतो," शेटजी म्हणाला.

"कवा येईल ते? तिकडं पोरगी अडून राह्यली!" मी म्हटलं, आणि मला सुचलं. "शेटजी, तुमची लेकरं?"

"आहेत. सगळी आहेत, देवाच्या कृपेनं."

पुढं मला सांगावं लागलं नाही. त्या मायनं दोन्ही हातांनी पदर धरला आणि त्या भरल्या वखारीत, हमालांच्या देखत, त्याच्यापुढं पसरला. "भीक घाला, दादा." त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, दातानं धरून फाडलं आणि अर्धं तिच्या पदरात टाकलं. मग पाठ फिरवून आत निघून गेला.

तिच्या मालकांनी बैल असे पळवले, की अंगातली हाडं खिळखिळी झाली. मी बंडीत बसून तिच्या कनवटीच्या दोऱ्यानं शिवत होते. असा वाकडातिकडा टाका मी जन्मात घातला नव्हता. गाव आलं तरी एक बाजू उघडीच होती.

दाराशी पोचलो, तर घर चिडीचूप. सुईण बाहेर आली, तिचा चेहरा पाहून त्या मायनं चौकट धरली.

"आलं. पण रडत नाही," सुईण म्हणाली. "आणलं का?"

मी गोधडी दिली. मग आठवलं, सुई त्यातच लटकलेली. "थांब, थांब व!" म्हणत मी दोरा दातानं तोडला. सुईण आत गेली. आम्ही दोघी दाराबाहेर, एकमेकींचे हात असे आवळून धरलेले की माझ्या बांगड्या पिचल्या. आत पाठीवर चापट मारल्याचा आवाज. परत चापट. मी मनात कोणाकोणाला हाका मारल्या, माझं मलाच ठाऊक.

आणि मग ते रडलं. अगं काय रडलं! ती माय हसता हसता खाली कोसळली, आणि मी, माझी दोन गेली तेव्हा चारचौघांत न रडलेली मी, परक्या घराच्या अंगणात बसून ओक्साबोक्शी रडले.

पुढं ती लढाई संपली. भाव असा कोसळला, की वखारीला कुलूप लागलं. शेटजी मुलाबाळांना घेऊन कुठं गेला, कोणाला कळलं नाही. आमचे मालक बंडी घेऊन घरी आले. मला पुन्हा दिवस गेले. पाचवा महिना सरला, तशी मी कोणाला न सांगता एकटीच त्या खेड्यात गेले. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. जिची दोन गेली, तिच्याकडं रीतीनं मागायचं नसतं; पण ते रडणं मी त्याच दारात ऐकलं होतं.

ती लेक सासरहून माहेरी आलेली होती. अंगणात तिचं पोर मातीत लोळत होतं, गुबगुबीत, नाकात बारीक वाळी. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. एवढी तोंडाळ मी, अन् नुसता पदर पसरला.

तिनं माझ्याकडं पाहिलं, माझ्या पोटाकडं पाहिलं. आत जाऊन जुनं काही आणेल असं मला वाटलं. पण तिनं अंगावरच्या कोऱ्या लुगड्याचा पदरच हातात घेतला आणि टर्रकन फाडला, चांगला हातभर.

मला राहवलं नाही. "अव, येडी झाली काय? नवं लुगडं कावून फाडलं? जुनं द्यायचं ना!"

"काकू," ती म्हणाली, "माह्यापाशी आजपर्यंत कोणी मागाले आलंच नव्हतं."