भाऊ हवेत होता तो दिवस

विमानताईंचं खरं नाव गल्लीत फार कुणाला ठाऊक नव्हतं. बाजारातल्या जिन्याखालच्या विमानाच्या तिकीट ऑफिसात त्यांनी उभी हयात काढली, त्यावरून हेच नाव चिकटलं. परदेशी निघालेल्या पोरांच्या आया खुर्चीच्या कडेवर टेकून विचारायच्या, "किती लांब आहे हो?" ताई कधी मैल सांगत बसल्या नाहीत. "आज जेवून निघाला, की उद्याच्या चहाला तिथं," म्हणायच्या. तेवढ्यानं बाईचा जीव भांड्यात पडायचा.

धाकटा भाऊ जगाच्या पार दुसऱ्या टोकाला नोकरीला गेला, त्याचंही तिकीट त्यांनीच काढलं. वडील सुतार. ते एवढंच म्हणाले, "इतक्या लांबून कुणी लाकूडसुद्धा मागवत नाही, अन् यांनी माझं पोरगं मागवलं!"

काही वर्षांनी वडिलांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी ताईंना बाजूला घेऊन सांगितलं, "ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या." ताईंनी लगोलग विमानात भावाची जागा पक्की केली. दोन विमानं मिळून अठरा तासांचा प्रवास.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वडिलांचं एकच टुमणं. "कुठवर आला?"

शेवटी ताई ऑफिसातला पृथ्वीचा गोल काखेत मारून घेऊन आल्या आणि खाटेवर ठेवला. त्यांचं बोट बर्फाच्या मुलखावरून सरकताना पाहून म्हातारा वैतागला. "सरळ यायचं सोडून हा वर कशाला चढला?"

"बाबा, दोरा ताणून बघा ना."

वडिलांनी हत्यारांच्या पेटीतलं आखणीचं सूत मागवलं. ते गोलावर भावाचं गाव आणि आपलं गाव यांच्यामध्ये ताणलं. सूत आपसूक वर सरकलं. "खरंच की गं!" ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं होतं.

मधल्या विमानतळावर धुक्यानं दुसरं विमान अडकलं. ताईंचा जीव टांगणीला लागला, पण बोट तिथंच ठेवून त्या म्हणाल्या, "इथं चहा पितोय."

बऱ्याच वेळानं वडिलांनी डोळे किलकिले केले. "अजून पितोच आहे? घरी कधी एवढा प्यायला नाही."

संध्याकाळी भाऊ बॅग दारातच टाकून आत आला. वडिलांनी त्याचं मनगट चाचपलं. "हाडं लागतात रे."

त्यानंतर वडील आठवडाभर आपल्यात होते. भाऊ त्यांची दाढी करायचा, ताई पेज भरवायच्या, आणि तिघं मिळून जुन्या भांडणांवर हसायची. ताईंना अजून तो आठवडा आठवतो, आणि हातातलं काम तसंच राहतं.

ताई निवृत्त झाल्यावर भावानं त्यांना आग्रहानं आपल्याकडे बोलावून घेतलं. आयुष्यातला पहिलाच विमानप्रवास, तोही खिडकीशी.

"काय काय दिसलं, ताई?" विमानतळावर भावानं विचारलं.

"मेलं, बसल्या बसल्या डोळा लागला," त्या ओशाळून म्हणाल्या, "ते थेट इथं उतरतानाच जाग आली."