चौऱ्याऐंशी नंबरचा जबडा

दातांचे डॉक्टर माणसाचे तोंड पाहतात. कवळीवाला फक्त साचा पाही. गल्लीच्या टोकाच्या दीड खोलीत, प्लास्टरच्या धुरळ्यात तीस वर्षे बसून त्याने फडताळांत जबड्यांच्या रांगा लावल्या होत्या. प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर आणि तारीख. नाव कधीच नाही. दवाखान्यातून साचा आणि चिठ्ठी येई, घडवलेला दात परत जाई. रुग्णाशी बोलायचे नाही, ही धंद्याची रीत त्याला मनापासून पसंत होती, कारण माणसांविषयी त्याचे मत फारसे चांगले नव्हते. साठीला पांढरेशुभ्र दात मागणाऱ्यांना तो ‘पडक्या भिंतीला चुना’ म्हणे. हाडात स्क्रू बसवून त्याच दिवशी वर दात चढवणारे डॉक्टर तर त्याच्या लेखी सकाळी पेरून संध्याकाळी कणीस खुडायला निघालेले शहाणे.

त्या वर्षीचा चौऱ्याऐंशी नंबरचा साचा त्याने खिडकीशी नेला. वरचा पुढचा एक दात नव्हता. सुळे मात्र घासून पार सपाट झालेले. असे सुळे त्याने एकाच तोंडात पाहिले होते. जेवताना समोर बसून, हे दातांचे कुंभारकाम आणखी किती दिवस चालणार, असे दरवेळी विचारणाऱ्या भावोजींच्या. थोरल्या बहिणीचे हे यजमान कचेरीतून निवृत्त होणार होते आणि निरोपाच्या भाषणात फट दिसू नये म्हणून त्यांची घाई चालली होती, हे ताईने फोनवर सांगितलेच होते. ते झोपेत करकरा दात खातात, हे गाऱ्हाणे तर जुनेच.

चिठ्ठीत लिहिले होते: स्क्रूवर लगेच चढवायचा दात, पूर्ण उंचीचा, खालच्या दाताला टेकणारा. कवळीवाल्याला हसू आले. हाडाने स्क्रू धरण्याआधीच त्यावर रोज घण पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळावे. त्याने खाली नेटके लिहिले, ‘रुग्ण दात खातो. दात आखूड ठेवावा,’ आणि नक्कल फाइलला लावली. चिठ्ठीत आहे तसेच करा, असा डॉक्टरांचा निरोप आला. त्याने तसेच केले, आणि अगदी सुबक केले.

भाषण झोकात झाले. पाचव्या आठवड्यात ताईने त्याच्या टेबलावर एक काड्यापेटी उघडून ठेवली. आत दात, स्क्रूसकट. मागे भावोजी तोंडावर रुमाल धरून उभे. आता सहा महिने हाड भरू द्यायचे, मग पुन्हा पाहायचे, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

कवळीवाल्याने साचा काढून सपाट सुळे दाखवले, आणि काहीशा समाधानाने ती नक्कल पुढे सरकवली. तारीख होती, सही होती.

ताईने कागद दोनदा वाचला. “म्हणजे तोंड कुणाचं, ते तुला त्याच दिवशी कळलं होतं.”

“रुग्णाशी बोलायचं नाही अशी रीत आहे, ताई.”

“रुग्णाशी नको रे. माझ्याशी बोलायचंस.” तिने फाइल मिटली. “कागद मात्र छान जपलास हो.”

गिऱ्हाइकांसाठी त्याने तीस वर्षे राखून ठेवलेली नजर आता तिच्या डोळ्यांत होती. तो म्हणाला, की तोवर काढता-घालता येणारा दात करून देतो. त्याला स्क्रू लागत नाही.

भावोजींनी रुमालाआडून विचारले, “किती दिवस लागतील?”

कवळीवाल्याने दिवा ओढून घेतला. “तोंड उघडा,” तो म्हणाला.