आठव्या महिन्यातला भात

आमच्या घरी वाढायचं काम सासूबाईंचं. गंजातून, म्हणजे भाताच्या पातेल्यातून, कोणाच्या ताटात किती भात पडेल ते त्या ठरवतात, सुनेने आपल्या हाताने घ्यायचं नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती, तरी "आणखी वाढा" असं मी कधी म्हटलं नव्हतं. मुळात मी बोलतच कमी. चौथीपर्यंत सौंदडच्या शाळेत गेले, तिथेही गुरुजींनी नाव घेतलं की मान खाली जायची.

पहिल्या गरोदरपणात सातवा महिना सरला आणि सासूबाईंनी माझं ताट अर्धं केलं. शेवटच्या दोन महिन्यांत बाईने पोटभर खाल्लं की लेकरू मोठं होतं आणि अडतं, असं गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या सांगतात. मी अर्ध्या ताटावरून उठत गेले. मुलगी झाली ती एवढीशी. मांड्यांची कातडी सैल, दूध ओढायची ताकद नाही. गोंदियाच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि मी वाटीत दूध पिळून नर्सच्या हाती द्यायची. ती जगली. आता कोंबड्यांमागे धावते. पण ते दिवस माझ्या अंगातून गेले नाहीत.

दुसऱ्या वेळी सातवा महिना संपत आला तेव्हा आरोग्यकेंद्राच्या आशाताई चित्रांची वही घेऊन आल्या. सातव्या महिन्याच्या चित्रातलं लेकरू म्हाताऱ्यासारखं सुरकुतलेलं होतं.

"याचे डोळे उघडले," त्या म्हणाल्या. "आपला आवाज ऐकून राहिलं हे. पण अंगावर चरबी नाही. ती आता भरते, या दोन महिन्यांत. श्वास घ्यायची तयारीही आताच होते. म्हणून आता जास्त जेवा."

मी चित्रावरून नजर काढू शकले नाही. माझी मुलगी जन्मली तेव्हा हुबेहूब तशी होती.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "चित्राले काय जाते सांगाले," त्या म्हणाल्या. "बाळंतपन चित्र करते का?"

त्या संध्याकाळी सगळे एकत्रच जेवायला बसलो. भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी. माझ्या ताटात मूठभर भात पडला. तो संपवून मी हात धुतला, ताट घेऊन उठले, गंजाजवळ गेले आणि चमच्याने भात घेतला. चमचा गंजाला लागून वाजला. मामाजींचा, माझ्या सासऱ्यांचा, घास हातातच राहिला.

"हे काऊन घेऊन राहिली?" सासूबाईंनी विचारलं.

"भूक लागली, आत्याबाई."

"तुले का लेकराले?"

"दोघाले."

नवरा हसू दाबत म्हणाला, "माय, गंज संपला तर मी मांडतो दुसरा."

"तू गप राय. तुले नाई लेकरू काढा लागत." मग सासूबाई माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "माझा पयला पोरगा अडून गेला. दोन दिवस कळा. देवरीच्या दवाखान्यात नेता नेता बैलबंडीतच सरलं सारं. चांगला मोठा होता. तुयासारखीच खात होती ना मी."

त्यांचं एक लेकरू गेलं हे मला माहीत होतं. कसं गेलं ते कोणी सांगितलं नव्हतं. मला रडू आलं. पण ताट मी खाली ठेवलं नाही.

"आता अडलं तर डॉक्टर कापून काढते, आत्याबाई," मी म्हणाले. "पोटात उपाशी राहिलं तर त्याले कोन काढते?"

एवढं लांब वाक्य मी त्या घरात पहिल्यांदाच बोलले होते. मी जेवले.

त्यानंतर त्या रोज अर्धंच वाढत आणि मी रोज उठून उरलेलं घेत असे. त्या तोंड फिरवून बसायच्या. जेवण झालं की लेकराला उचक्या लागायच्या, पोट ठरावीक तालात उडायचं. आठव्या महिन्यात त्याची टाच बरगडीखाली घासत जायची, हाताला कळेल एवढी टणक. नवव्यात डोकं खाली सरकलं. श्वास मोकळा झाला, चालणं जड झालं. सासूबाई पोटाकडे बघायच्या आणि कपाळावर आठ्या पाडायच्या. मलाही भीती वाटत होती, कोणाला सांगितली नाही. त्यांचंच खरं निघालं तर दोष माझ्याच हाताचा ठरणार होता.

कळा पहाटे लागल्या आणि दुपार उलटली तरी चालूच होत्या. दवाखान्यात सासूबाई पूर्ण वेळ माझ्या उशाशी उभ्या होत्या. एकदा मला वाटलं, अडलं. मी त्यांचा हात इतका दाबला की त्यांची बांगडी फुटली. मग मुलगा झाला. जोरात रडला, आणि छातीशी लावताच त्याने दूध असं काही ओढलं की मी ओरडले. नर्सने वजन केलं, ते तीन किलोच्या वर भरलं. त्याच्या मनगटाला वळी होती.

सासूबाईंनी ती वळी बोटाने दाबून पाहिली.

"दुखलं ना मग?" त्या म्हणाल्या.

"लय दुखलं."

"सांगत होती मी."

"पुन्हा असंच खाईन," मी म्हणाले, आणि मान खाली घातली नाही.